दार नंबर ३०००

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आपण बँकेत ऐकतो, तिकीट खिडकीवर ऐकतो आणि निमूट मागे फिरतो. सर्व्हर म्हणजे एसीच्या गारठ्यात ठेवलेलं काळं कपाट, आणि त्याची काळजी गळ्यात कार्ड अडकवून गोरेगाव पूर्वेला नेस्को-निरलॉनच्या दिशेनं पळणाऱ्या गर्दीनं करायची, अशी आपली ठाम समजूत.

मास कॉम केलेल्या माझ्यासारखीनं यात पडायचं कारण अगदी घरगुती. एका वेब पोर्टलसाठी मी तीन वर्षं लिहिलं. ते बंद पडलं आणि माझ्या झाडून सगळ्या लिंक्स मेल्या. फ्रीलान्सरसाठी छापलेला लेख म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट हो! नवा संपादक ‘आधीचं काम पाठवा’ म्हणाला की दाखवायचं काय? याहूनं ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतलं जिओसिटीज बंद केलं, तेव्हा कितीतरी लोकांची हौसेनं सजवलेली पानं अशीच गेली होती. नशीब, माझ्याकडे वर्डच्या फाइल्स होत्या. म्हटलं, आता दुसऱ्याच्या भिंतीवर तसबिरी लावणं पुरे.

जावास्क्रिप्ट ही मूळची ब्राउझरमधली भाषा. ब्रेंडन आइकनं १९९५ मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत उभी केलेली. २००९ मध्ये रायन डालनं क्रोमचं व्ही-एट इंजिन घेऊन नोड-जेएस बनवलं आणि तीच भाषा सर्व्हरवर चालायला लागली. नोड फुकट मिळतं. एक छोटी फाइल करायची, त्यात सांगायचं, ‘कुणी आलं की हे पान दे, आणि ३००० नंबरच्या पोर्टवर कान देऊन बस.’ आठ-दहा ओळींत काम होतं. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ३००० टाइप करा. लोकलहोस्ट म्हणजे आपलीच बिल्डिंग, पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर.

हा एकटा इतक्या लोकांना पुरतो कसा, ते मला आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत उमगलं. आपण डबा ठेवतो, नावाची चिठ्ठी लावतो, निघतो. काका आपलं दळण होईपर्यंत आपल्याकडे बघत बसत नाहीत, पुढचा डबा घेतात. नोडही डिस्कवरून फाइल आणायचं काम मागे लावून देतं आणि ती आली की हाक मारतं. मात्र काका स्वतःच हिशेबाची वही उघडून बसले, तर अख्खी रांग ताटकळते. म्हणून जड आकडेमोड नोडच्या गळ्यात थेट घालू नये.

खरी गंमत मराठीची. नेटवरचे धडे ‘हॅलो वर्ल्ड’ म्हणून मोकळे होतात. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, त्यांचं कुठे अडत नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. ‘गोरेगाव’ घ्या. काना-मात्रा धरून सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. जावास्क्रिप्टला लांबी विचारली की ती म्हणते ७. तोच आकडा ‘कंटेंट-लेंग्थ’ म्हणून पाठवला, तर ब्राउझर सात बाइट घेऊन दार लावतो आणि पडद्यावर उरतो ‘गो’ आणि त्याच्या शेजारी एक तुटका चौकोन! तेव्हा चिन्हं नाही, बाइट मोजायचे. शिवाय हेडरमध्ये ‘कॅरसेट यूटीएफ-८’ लिहायचंच, नाहीतर आपला मजकूर भलत्याच लॅटिन अक्षरांत उमटू शकतो.

अर्थात लॅपटॉप मिटला की दुकान बंद, आणि लोकलहोस्ट तसंही फक्त आपल्यालाच दिसतं. जगाला दाखवायचं तर नेटवर छोटं मशीन भाड्यानं घ्यावं लागतं. तेही घेतलं. भाडं थकलं तर तिथूनही बाहेर काढतील, पण फाइल्स आणि त्या वाढणारा प्रोग्रॅम दोन्ही माझ्याकडे आहेत. दुसरं मशीन बघायचं, सामान हलवायचं.

सध्या २९ लेख चढवलेत. आरे सरितांवरचा, सगळ्यात जुना, काल रात्री.