देऊ का नेऊ?

परवा फुटबॉलच्या सरावात एक पोरगा बॉल पायाखाली दाबून थांबला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “सर, देऊ का नेऊ?” उत्तर देईपर्यंत समोरच्यानं बॉल काढून नेलाही होता.

पोराचा काय दोष? आमच्या कोल्हापुरात बॉल पायात आला की कडेनं सगळे ओरडायला लागतात: मार, दे, सोड. या ओरडणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. शाळेत आमचे सर तसेच. स्टॉपरनं, म्हणजे मधल्या बचावपटूनं, मधली रेघ ओलांडायची नाही म्हणजे नाही. का, ते विचारायची सोय नव्हती.

म्हणून मी दोनविरुद्ध एक खेळवतो. बॉल घेऊन थेट अडवणाऱ्याच्या अंगावर जा, त्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघ. तो तुझ्याकडं झेपावला की जोडीदार मोकळा. जोडीदाराकडं सरकला की वाट तुझी. अडवणाऱ्याला सांगतो, झेपावू नकोस. अंग तिरपं ठेव, आतली वाट बंद कर, त्याला कडेच्या रेघेकडं ने. मागून आपलं कुणीतरी येईतोवर वेळ काढ.

आणि गोल झाल्यावरही गाफील राहायचं नाही, हे सांगताना 9 ऑक्टोबर 2017 ची दिल्ली हटकून आठवते. सतरा वर्षांखालील विश्वचषक, समोर कोलंबिया. संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, म्हणून सगळी गल्ली टीव्हीसमोर. 82व्या मिनिटाला कॉर्नरवर जिक्सन सिंगचं हेडर, विश्वचषकातला भारताचा पहिला गोल, 1-1 अशी बरोबरी! आमच्या उड्या थांबायच्या आत, 83व्या मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोझानं आपल्यावर गोल केला. 2-1 नं हरलो. ते एक मिनिट अजून मनातून जात नाही. म्हणून माझ्याकडं गोल झाला रे झाला की मी दुसरा बॉल उलट्या बाजूला टाकतो. नाचायचं ते मागं पळत नाचा.

सरांच्या त्या स्टॉपरची गोष्टही जुनी आहे. 1925 साली ऑफसाइडचा नियम सैल झाला. पुढच्या खेळाडूसमोर विरोधी संघाचे तीनऐवजी दोनच गडी पुरेसे ठरले. गोल वाढले, तेव्हा आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननं मधला गडी मागं ओढून दोन बॅकच्या मध्ये उभा केला. आमचा स्टॉपर तिथला. त्या जागेवर माझा फार जीव आहे. नुसता वेळ काढून हल्ला मोडणाऱ्याला कोण टाळ्या वाजवतं? सरावात मी त्यालाही गुण देतो. पालक विचारतात, बॉल तर घेतलाच नाही, मग गुण कशाचा? मी म्हणतो, पुढच्या वेळी बॉल सोडा, त्याच्या पायांकडं बघा.