एकादशीचं ताट आणि आजीची भाषा

आषाढी एकादशी आणि ॲमेझॉनचं जंगल यांचा काही संबंध असेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण 2025 च्या 6 जुलैला, एकादशीच्याच दिवशी, तो संबंध मी डोळ्यांनी पाहिला.

नणंदेला सोबत म्हणून मी या सहलीला गेले होते. सतरा जणांचा ग्रुप, बहुतेक निवृत्त मंडळी. ब्राझीलमधल्या मानाउस शहरात आमचा मुक्काम होता. सकाळी नाश्त्याला एक बाई तव्यावर पांढरी, ओलसर भुकटी चाळणीतून पसरत होती. मळणं नाही, लाटणं नाही. बघता बघता त्या भुकटीची पोळी होत होती. तिचं नाव टॅपिओका. आमच्यातल्या निपाणीच्या काकूंचा कडक उपास. "कसलं पीठ कुणास ठाऊक! मला नको," असं म्हणून त्यांनी दोन केळी पिशवीत टाकली आणि आम्ही बोटीत बसलो.

आधी पाहिला तो दोन नद्यांचा संगम. रिओ नेग्रो कोऱ्या चहासारखी काळी. जंगलातला पालापाचोळा कुजून तिला तो रंग येतो. दुसरी सोलिमोइस, अँडीज पर्वतातला गाळ घेऊन येणारी, पावसाळ्यातल्या आपल्या घटप्रभेसारखी गढूळ. एक उबदार आणि संथ, दुसरी गार आणि वेगवान. त्यामुळे दोघी एकाच पात्रात शेजारी शेजारी सुमारे सहा किलोमीटर वाहतात, पण मिसळत नाहीत. आमच्या तिशीतल्या वाटाड्यानं हात पाण्यात घालायला सांगितलं. बोट मधली रेघ ओलांडून गेली, तसा पाण्याचा गारवा बोटांना कळला. काकूंनी दोन्ही नद्यांना नमस्कार केला.

पुढे छोट्या होडीतून बुडालेल्या जंगलात शिरलो. इथलं पाणी दरवर्षी दहा मीटरहून जास्त चढतं आणि उतरतं. जुलैत ते अजून वरच असतं. त्यामुळे आम्ही झाडांच्या बुंध्यांमधून नव्हे, तर फांद्यांमधून चाललो होतो. जनाउआरी सरोवरात परातीसारखी काठ वळलेली कमळाची पानं होती, माणूस आडवा झोपेल एवढी. या कमळाचं फूल पहिल्या रात्री पांढरं असतं आणि दुसऱ्या रात्री गुलाबी होतं, हे ऐकून सगळ्यांनी पुन्हा एकदा फोटो काढले.

दुपारी नदीकाठच्या एका घरी थांबलो. तिथे मॅनिओक नावाच्या कंदाचं काम चाललं होतं. हा कंद कच्चा विषारी. तो किसतात आणि तिपिती नावाच्या वेताच्या लांब नळीत भरून ताणून पिळतात. कीस भाजून पीठ करतात. पिळून निघालेलं पाणी ठेवून दिलं, की तळाशी पांढरं सत्त्व बसतं. सकाळची पोळी त्याचीच. मी ते बोटांवर घेतलं आणि ओळखलं. हाच कंद तामिळनाडूत सेलमच्या बाजूला पिकतो आणि त्याच्या सत्त्वापासूनच आपला साबुदाणा होतो!

"म्हणजे सकाळी मी साबुदाण्याची पोळी सोडून केळी खाल्ली?" काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. मग बोटीतल्या गप्पांत सगळं ताटच बाहेर आलं. बटाटा अँडीजमधला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मिरची, रताळं, राजगिरा हेही अमेरिकेच्या खंडांतूनच आलेले. तुकोबांच्या पूर्वजांच्या एकादशीला यातलं काहीच नव्हतं. पण आज हे ताट आपल्याला किती सोवळं वाटतं!

त्या घराच्या अंगणात एक ओळखीचं झाड होतं. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. ते झाड मी डोळे मिटूनही ओळखेन. "काजू," मी म्हणाले. वाटाड्या चमकला. "तुमच्याकडेही काजूच म्हणतात?" पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हे झाड आमच्या किनाऱ्यावर आणलं आणि झाडाबरोबर नावही आलं, असं मी सांगितलं. ते नाव मुळात पोर्तुगीज नव्हे, इथल्या तुपी लोकांचं. तो म्हणाला, "माझी आजी नेंगातू बोलायची, तुपीतूनच निघालेली भाषा. ती वर्षालाही हाच शब्द वापरायची. काजू आले म्हणजे वर्ष झालं."

"तू बोलतोस ती भाषा?" मी विचारलं.

तो ओशाळला. "थोडेसे शब्द येतात. शाळेत सगळे हसायचे. मग आजी बोलायला लागली, की मी पोर्तुगीजमध्ये उत्तर द्यायचो. पुढे तीही माझ्याशी पोर्तुगीजच बोलायला लागली, मोडकंतोडकं."

नेंगातू म्हणजे चांगली भाषा. पोर्तुगीज राजवटीनं अठराव्या शतकात इथे तिच्यावर बंदी आणली. त्याआधी 1684 साली गोव्यात कोकणीवर आणली होती. रिओ नेग्रोच्या वरच्या भागातल्या एका नगरपालिकेनं 2002 साली नेंगातूला अधिकृत दर्जा दिला, हे वाटाड्यानं अभिमानानं सांगितलं. पण त्याच्या घरात ती उरलेली नव्हती.

परतीच्या वाटेवर मी गप्प होते. मराठीची एम.ए., वीस वर्षं कॉलेजात शिकवते. सीमाभागातल्या मराठीबद्दल भाषणं करते. आणि माझी आई "काय करुलीस?" म्हणाली, की पाहुण्यांसमोर मी तिला दुरुस्त करायचे. आमच्याकडे बायकाही "मी आलो, मी गेलो" म्हणतात. ते तिच्या तोंडून ऐकलं, की माझ्या कपाळाला आठी पडायची. गेली काही वर्षं आई माझ्या घरी आली, की जपून बोलते आणि म्हणून कमी बोलते. हे काही कुठल्या सरकारनं केलेलं नाही.

संध्याकाळी सातला फोन लावला. तिकडे द्वादशीची पहाट, साडेचार. "एवढ्या लवकर उठलीस?"

"उठलो की कवाच. पारणं हाय न्हवं? तू काय करुलीस?" झोपेतून नुकतीच उठलेली आई जपून बोलायला विसरली होती.

मी साबुदाण्याची हकीकत सांगितली. ती हसली. "मग तेंच्या इठोबालाबी चालतंय म्हण की!"

मी काहीच दुरुस्त केलं नाही. आल्यापासून एक वही केली आहे. दर रविवारी आईकडून शब्द विचारून घेते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "हे अशुद्ध कशाला लिवुलीस?" त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.