फाळके रडायला हवे होते

परेश मोकाशींचा दादासाहेब फाळक्यांवरचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आला तेव्हा मला तो पटला नव्हता. भारतातर्फे ऑस्करला धाडलेला सिनेमा, ओळखीतले सगळे खूश, आणि मी आपला धुसफुसतोय. ज्या माणसाने घरातलं सामान विकलं, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठलं, सिनेमे बघून बघून डोळे जायची वेळ आणली, त्याची गोष्ट अशी हसतखेळत सांगायची? खऱ्या माणसाची गोष्ट म्हणजे जितकं दुःख तितका खरेपणा, असं माझं गणित होतं. (मराठी प्रेक्षकाला ही सवय ‘श्यामची आई’ने लावली असावी. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक तिला मिळालं आणि तेव्हापासून आपण हातरुमाल घेऊनच थिएटरात शिरतो.)

माझं मत फिरवलं ते खुद्द फाळक्यांनी. त्यांच्या ‘कालियामर्दन’चा, १९१९ सालच्या मूकपटाचा, बराचसा भाग आज शिल्लक आहे. कृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी. गोष्ट सुरू व्हायच्या आधी कॅमेरा नुसता तिच्या चेहऱ्यावर थांबतो. सातेक वर्षांची पोर एकेक भाव करून दाखवते आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. कथेला या तुकड्याची काडीची गरज नाही. आपली लेक काय काय करू शकते हे बापाला जगाला दाखवायचंय, बस्स. सिनेमा कसा तयार होतो हे सांगणारी त्यांची एक छोटी फिल्मही आहे. तीत फाळके स्वतःच दिग्दर्शक म्हणून वावरतात, फिल्म हातात घेऊन निरखतात. या माणसाला आपल्या कामाची मौज वाटत होती, ती लपवायची कशाला?

मग वाटाण्याची गोष्ट नव्याने दिसायला लागली. ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढायच्या आधी, भांडवलदाराला पटावं म्हणून, फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. कॅमेरा हलवायचा नाही, रोज थोडीशीच फिल्म फिरवायची, असं आठवडेच्या आठवडे. हा माणूस त्या कुंडीसमोर कष्टी चेहऱ्याने बसत असेल, असं मी कशाच्या आधारावर धरून चाललो होतो?

सरस्वतीबाईंच्या बाबतीत तर मी पार आंधळा होतो. दागिने देणारी, सोसणारी बायको, एवढंच डोक्यात. त्या काळी कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. अंधारात बसून कडेला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, वर दादरच्या घरात सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधायचा, हे सगळं त्यांनी केलं. मोकाशींच्या सिनेमात विभावरी देशपांडेंनी ही बाई त्यागमूर्ती म्हणून रंगवलेली नाही. तिला कुतूहल आहे. नवऱ्याच्या खुळात तिचीही भागीदारी आहे. या सिनेमाला प्रेमकथा कुणी म्हणत नाही. मी आता म्हणतो. फाळके झालेले नंदू माधव आणि विभावरी एकमेकांकडे बघतात त्याहून जास्त दोघं मिळून त्या यंत्राकडे बघतात, आणि मला त्यातच संसार दिसतो.

पुढचे फाळके इथे नाहीत: हिंदुस्थान फिल्म कंपनीतले भागीदारांशी खटके, रागाने काशीला निघून जाणं, बोलपट आल्यावरची पीछेहाट, १९४४ साली नाशिकमधला मृत्यू. पूर्वी मला ही पळवाट वाटायची. आता वाटतं, तो सिनेमा वेगळा आहे आणि खुशाल कुणीतरी करावा.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकली होती, आजही खटकते. तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून फाळके वेश्यावस्तीत गेले. तिथूनही नकार आला आणि अखेर हॉटेलात काम करणारे साळुंके राणी झाले. सिनेमा हा सगळा भाग विनोदात नेतो. साळुंक्यांपाशी मी हसतो. पण ज्या बायकांनाही पडद्यावर दिसणं कमीपणाचं वाटलं, त्यांच्या दारातला तो प्रसंग आला की शेजारचे हसतात आणि मला हसू येत नाही.