'फ्राम'चा आगवाला

ऑस्लोच्या नगरभवनासमोरच्या धक्क्यावरून उन्हाळ्यात फेरीबोट सुटते आणि पलीकडच्या ब्यूगडॉय द्वीपकल्पावर उतरवते. तिथली उंच, त्रिकोणी इमारत १९३६ साली खुली झाली ती एका लाकडी जहाजासाठी. आत शिरताच 'फ्राम'ची नाळ अंगावर येते.

मी वर चढण्याआधी खालून त्याचं पोट पाहत राहिले. जहाज ३९ मीटर लांब आणि तब्बल ११ मीटर रुंद. खुल्या समुद्रात ते भयंकर डोलायचं, पण पोटाची ही गोलाई मुद्दाम दिलेली होती. सायबेरियाच्या उत्तरेला १८८१ मध्ये 'जीनेट' हे जहाज बर्फाने चिरडलं आणि तीन वर्षांनी त्याचे अवशेष थेट ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर सापडले. म्हणजे ध्रुवसागरातला बर्फ वाहतो! मग आपणच त्यात गोठून घ्यावं आणि बर्फ नेईल तिकडे जावं, असं नॉर्वेजियन संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेनने ठरवलं. नामवंत ध्रुवप्रवाशांनी याला वेडेपणा म्हटलं. कॉलिन आर्चरने मात्र जहाज बांधलं. चिमटीत दाबलेली जांभळाची ओली बी जशी निसटते, तसं बर्फाने आवळलं की 'फ्राम' वर उचललं जाई. सुकाणू आणि पंखासुद्धा आत ओढून घेता येत.

डेकवरून खाली उतरलं की जाडजूड तुळया, मधला दिवाणखाना आणि भोवती चिमुकल्या खोल्या दिसतात. तेरा माणसं घेऊन निघालेलं हे जहाज सप्टेंबर १८९३ ते ऑगस्ट १८९६ बर्फात अडकून राहिलं. ध्रुवीय रात्रीत वीज मिळावी म्हणून डेकवर पवनचक्की होती. तेराही जण जिवंत परतले, आणि त्या काळातल्या ध्रुवमोहिमा आठवल्या तर हे केवढं मोठं यश!

या तेरांपैकी एकापाशी माझं मन अडकलं: याल्मार योहान्सेन. हा पट्टीचा जिम्नॅस्ट. मोहिमेत दुसरी जागा नव्हती, म्हणून त्याने बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्या आगवाल्याचं काम पत्करलं. मार्च १८९५ मध्ये नान्सेन जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाला तेव्हा सोबतीला त्याने यालाच निवडलं. दोघे ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोचले. तोवर इतक्या उत्तरेला कोणीही गेलं नव्हतं. परतताना फ्रान्झ जोसेफ लँडवर दगड आणि वॉलरसची कातडी रचून केलेल्या खोपटात, अस्वलाचं मांस खाऊन त्यांनी हिवाळा काढला.

१९१० मध्ये हेच जहाज रुआल आमुंडसेनला घेऊन दक्षिणेकडे निघालं. योहान्सेन आमुंडसेनबरोबरही होता. ८ सप्टेंबर १९११ ला आमुंडसेनने दक्षिण ध्रुवाकडे निघण्याची घाई केली. पारा उणे ५० च्याही खाली उतरला, तेव्हा माघार घ्यावी लागली. परतताना सगळे पांगले. पायांना हिमदंश झालेल्या प्रेस्ट्रुड या सहकाऱ्याला मागे न सोडता योहान्सेनने तळावर आणलं आणि दुसऱ्या सकाळी सर्वांदेखत नेत्याला जाब विचारला. नेत्याने माणसांना असं वाऱ्यावर सोडायचं नसतं, हे त्याचं म्हणणं.

आमुंडसेनने त्याला ध्रुवाच्या तुकडीतून काढलं. वर दुसऱ्या एका छोट्या तुकडीत त्याला प्रेस्ट्रुडच्याच हाताखाली दिलं. १४ डिसेंबर १९११ ला पाच जण दक्षिण ध्रुवावर पोचले, त्यांत योहान्सेन नव्हता. जानेवारी १९१३ मध्ये त्याने आत्महत्या केली.

आमुंडसेनच्या तयारीपुढे मी नतमस्तक आहे. कुत्री, कपडे, अन्नाचे साठे, सगळं त्याने बारकाईने जुळवलं होतं. पण त्या सकाळी योहान्सेन जे बोलला ते खरं होतं, आणि आमुंडसेनने ते ऐकून घ्यायला हवं होतं.