पुडा सोडा ना, बाई!



52 वजा 27 किती? हसू नका! 'इतकं सोपं गणित आम्हाला काय विचारता?' असं तुम्ही म्हणाल. पण याच गणितानं एकदा मला, म्हणजे वर्षानुवर्षं वजाबाकी शिकवणाऱ्या बाईला, चांगलीच खाली मान घालायला लावली. ती गोष्ट आज सांगते.

साल 2020. मार्च महिन्यात करोनामुळे शाळांना कुलपं लागली. माझी शाळा गोंदिया जिल्ह्यात, देवरी तालुक्यातल्या एका लहानशा गावात. चहूकडे धानाच्या बांध्या, मधेच एखादा तलाव आणि पलीकडे मोहाचं-तेंदूचं रान. मोबाइलला रेंज हवी असेल तर तलावाच्या पाळीवर चढायचं!

तरीही मी ठरवलं, मुलांना मागं पडू द्यायचं नाही. पालकांचा व्हॉट्सअॅप गट केला आणि रोज सकाळी त्यावर एक व्हिडिओ पाठवू लागले. व्हिडिओ पाठवला की पाठोपाठ एकेक अंगठा यायचा. सगळ्यांत आधी अंगठा यायचा तिसरीतल्या एका मुलीच्या घरून. तिचं खरं नाव नको, आपण तिला मैना म्हणू. अंगठे मोजून मी वर कळवायची, 'सर्व विद्यार्थी नियमित अभ्यास करीत आहेत.'

ऑगस्टमध्ये तोंडाला मास्क लावून मी घरोघरी निघाले. पहिलं घर अर्थातच मैनाचं. छपरीत बसलो आणि मी तिला पाटीवर हेच गणित घातलं. तिनं झरझर लिहिलं, 35.

"कसं केलंस गं?" मी विचारलं.

"पाचातून दोन गेले तीन. सातातून दोन गेले पाच."

"अगं, व्हिडिओत दाखवलं होतं ना?"

मैना गप्प. दारातून तिचा मोठा भाऊ म्हणाला, "बाई, मोबाइल तं माझ्याजवळच राहते. अंगठा मीच देत होतो."

पाहिलंत? इतके दिवस मी अंगठ्यांना शिकवत होते!

पण खरा धक्का पुढंच होता. मी मैनाला विचारलं, "सातातून दोन का काढलेस? सात तर खाली आहेत." ती म्हणाली, "बाई, तुम्हीच तं सांगितलं होतं, नेहमी मोठ्यातून लहान काढायचं!"

खरंच सांगितलं होतं. पहिलीत. तिनं माझं वाक्य जिवापाड जपलं होतं आणि तेच तिला फसवत होतं. ती चुकली नव्हती, एका नियमानं चालली होती. हे कोणत्याही व्हिडिओला दिसलं नसतं. व्हिडिओ बोलतो, दाखवतो, हवा तितक्या वेळा पुन्हा सांगतो. पण समोरच्या पाटीवर 35 लिहिलंय हे त्याला कळत नाही.

छपरीच्या खुंटीवर एक जुना रेडिओ लटकत होता. मैनाची आई म्हणाली, "त्याच्यावर शाळा लागते, बाई. मीबी पोरीसंग बसतो."

ती शाळा म्हणजे आकाशवाणी नागपूरवरचा 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम. 'प्रथम' ही संस्था आणि नागपूर विभागाचं प्रशासन यांनी तो विभागाच्या सहा जिल्ह्यांतल्या मुलांसाठी 2020 मध्ये सुरू केला होता. गाणी, गोष्टी आणि घरच्या घरी करायच्या कृती असं त्याचं रूप.

आता तुम्ही विचाराल, जिथं मोबाइलची रेंज नाही तिथं रेडिओ कसा पोचला? त्यात मोठी गंमत आहे. नागपूरचं हे केंद्र 585 किलोहर्ट्झवर लागतं. म्हणजे त्याची एक लाट जवळपास 513 मीटर लांब! एवढ्या लांब लाटा जमिनीच्या आधारानं, टेकड्या-झाडांना वळसा घालत दूर जातात. एफएमच्या लाटा जेमतेम तीन मीटरच्या. त्या बहुतेक सरळ रेषेत जातात, म्हणून लांब पोचत नाहीत. आणि नागपूर ते गोंदिया हे रेल्वेनं सुमारे 130 किलोमीटरचं अंतर ही लाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच कापते.

रेडिओलाही मैनाची पाटी दिसत नव्हतीच. पण त्यानं एक मोठं काम केलं होतं. आईला मैनाच्या शेजारी आणून बसवलं होतं.

मी झाडूच्या काड्या मागितल्या. दहा-दहाच्या पाच जुड्या बांधल्या, दोन काड्या सुट्या ठेवल्या. झाल्या 52. म्हटलं, "मैना, यातल्या 27 मला दे." तिनं दोन जुड्या दिल्या. मग सात सुट्या हव्यात आणि आहेत दोनच! ती अडली. मी समजावायला तोंड उघडणार, इतक्यात आई म्हणाली, "पुडा सोडा ना, बाई! सुटी पानं कमी पडली तं आपण पुडा सोडतोच ना!"

मैनाची आई उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाते. आमच्याकडे 70 पानांचा एक पुडा बांधतात. कधी शाळेत न गेलेल्या त्या बाईनं 'दशक सुटा करणे' एका वाक्यात शिकवलं! मैनानं जुडी सोडली. सुट्या झाल्या बारा. त्यातल्या सात मला दिल्या. उरल्या दोन जुड्या आणि पाच काड्या. 25!

त्या दिवसापासून मी अंगठे मागणं बंद केलं. ज्यांच्या घरी फोन होता त्यांना सांगितलं, उत्तर नको, कसं केलंस ते स्वतःच्या आवाजात सांग. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या छपरीत मीच जाऊन बसू लागले. 1 डिसेंबर 2021 ला आमचे वर्ग पुन्हा भरले, तेव्हा चौथीतली मैना धाकट्यांना ऐटीत सांगत होती, "अडलं तं पुडा सोडायचा!"

मित्रांनो, शिकवणारी यंत्रं नवी नाहीत. पुण्यात 1984 मध्ये सुरू झालेली बालचित्रवाणी दूरदर्शनवरून धडे द्यायची. आज बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, विचारलं की उत्तर देणारे संगणकही आलेत. ती सगळी जरूर वापरा. पण उत्तर चुकलं तर लगेच खोडू नका. कुणालातरी दाखवा आणि 'मी असं केलं' म्हणून सांगा. आणि आई-बाबांनो, 'किती आलं?' या प्रश्नाआधी 'कसं केलंस?' एवढं विचारून पाहा. गणित येत नसलं तरी चालेल!

जाता जाता एक कोडं. 403 मधून 158 वजा करायचे आहेत. सुटे तीनच, दहाचा पुडा एकही नाही. आता कोणता पुडा सोडाल? काड्या घेऊन बसा आणि शेजारी कुणालातरी बसवून घ्या, बरं का!