पाळी परत येत नसते

बाईला रक्त जाऊ लागले की आमच्याकडे ‘अंगावरून जातंय’ असे म्हणतात. आणि दुखणे कोणाला न सांगता सोसले, तर ते ‘अंगावर काढले’ असे म्हणतात. या दोन शब्दप्रयोगांत किती थोडे अंतर आहे, हे आम्हा भावंडांना आजीमुळे कळले.

आजी मुदखेडला राहत असे. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाला आदिलाबादचा फाटा फुटतो ते हे जंक्शन. पण गावाची ओळख रेल्वेइतकीच फुलशेतीचीही आहे. आमचाही थोडा मोगरा होता. पहाटे कळ्या तोडायच्या, पहिली ओंजळ देवघरात ठेवायची आणि उरलेल्या बाजाराला पाठवायच्या, हा आजीचा वर्षानुवर्षांचा नेम. सत्तरी ओलांडल्यावर एकदा तिने पूजा सोडली. ‘‘गुडघे धरलेत,’’ म्हणाली. मात्र वाकून कळ्या तोडणे चालूच होते. जे गुडघे वाफ्यात तासभर चालतात ते देवघरात दहा मिनिटे का चालू नयेत, असा प्रश्न आम्हांपैकी एकालाही पडला नाही. आठ महिन्यांनी आईला गोठ्यामागे वाळत घातलेल्या चिंध्या दिसल्या, तेव्हा उलगडा झाला.

‘‘कामून सांगितलं नाही?’’ आईने विचारले.

‘‘काय सांगू माय? ह्या वयात पाळी परत आली म्हणून सांगू? लोक हसतील की.’’

तिची पाळी जाऊन वीस वर्षे झाली होती. विटाळ संपला, आता देवाधर्माला मोकळी झाले, असे तीच अभिमानाने सांगे. तो विटाळ परत आला अशी समजूत करून घेऊन ती आपली आपणच बाजूला बसली होती. तिला कोणी बसवले नव्हते, ही आमची फुशारकी. पण तिला बसावेसे वाटले, यात आमचा वाटा नाही असे कसे म्हणावे?

ज्या पहिल्या दवाखान्यात नेले तिथे ‘‘वयामुळे होतं’’ म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. आणखी एक महिना गेला. मग नांदेडला गेलो. तिथल्या बाईडॉक्टरांनी सारे ऐकून घेतले आणि आजीचा हात हातात धरून म्हणाल्या, ‘‘आजी, पाळी परत येत नसते. हे रक्त पाळीचं नाही, दुखण्याचं आहे.’’

हे एक वाक्य घरोघरी पोहोचायला हवे होते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर एकदाच, थेंबभर, नुसता डाग जरी पडला तरी तपासणी करावी, असे वैद्यक सांगते. बहुतेक वेळा कारण साधे निघते. संप्रेरके कमी झाल्याने योनीची त्वचा व गर्भाशयाचे अस्तर पातळ आणि नाजूक होते. कधी गर्भाशयात कोंब वाढलेला असतो. पण अशा सुमारे दहा स्त्रियांत एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो. उलट बाजूने पाहिले, तर हा रोग झालेल्या वृद्धांपैकी दहात नऊ जणींना रक्तस्राव होतोच. म्हणजे रोग स्वतःच दार वाजवतो. सोनोग्राफीत अस्तर चार मिलिमीटरपेक्षा जाड दिसले, किंवा रक्त वारंवार जात राहिले, की अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. आजीचे अस्तर अकरा मिलिमीटर भरले.

मराठवाड्यात या विषयावर काहीच झाले नाही असे नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९पासून टाटा स्मारक आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास केला. सव्वा लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली तरी या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला कळले ते इथल्या खेड्यांतल्या बायकांमुळे. पण त्यांची वये तीस ते एकोणसाठ. आजीसारख्या त्या मोजणीच्या पलीकडच्या. आणि अस्तराच्या कर्करोगासाठी तर सरसकट करण्याजोगी चाचणीच नाही. त्यांच्यापाशी एकच इशारा उरतो, तो म्हणजे हे रक्त. तोच लाजेने झाकला जातो.

शेजारच्या बीड जिल्ह्याचे चित्र नेमके उलटे. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येक ऐन तरुण होत्या. कामाच्या वयात पाळीचा खाडा परवडत नाही म्हणून पिशवी काढायची घाई. वय उलटल्यावर तिच्यातून रक्त वाहिले तरी कोणाला सवड नाही. दोन्ही ठिकाणी बाईचे दुखणे तिचे म्हणून कोणी ऐकलेच नाही, असे आम्हांला वाटते.

आजीचा रोग अस्तर ओलांडून स्नायूत उतरला होता. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. आठ महिने आधी आलो असतो तर, असे आम्ही विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, ‘‘आता आले आहात ना?’’ आम्ही पुन्हा विचारले नाही. त्यानंतर आजी चार वर्षे जगली.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिने आईला हळूच विचारले होते, ‘‘दुखण्याचं रक्त म्हणजे विटाळ नव्हे ना?’’ आई नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे देवघरात मोगऱ्याची ओंजळ होती.

आपण घरातल्या म्हाताऱ्या बाईला गुडघे विचारतो, साखर विचारतो, डोळ्यांतले थेंब घातले का ते विचारतो. अंगावरून काही जाते का, हेही विचारावे. सुनेने विचारावे, लेकीने विचारावे; घरात दोघीही नसतील तर मुलाने, नातवाने विचारावे. आम्ही उशिरा विचारले.