न शिवता वाजणारे वाद्य

आमच्या घरी आजीच्या हयातीत 'शिवू नकोस' हे दोन शब्द दिवसातून किती वेळा उच्चारले जात, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. आजीचे सोवळ्याचे लुगडे, देवघर, गच्चीवर वाळत घातलेले पापड आणि काकांच्या कपाटावरची व्हायोलिनची काळी पेटी, ही आम्हां मुलांस वर्ज्य असलेली स्थळे. पैकी पहिल्या तिहींचा निषेध आजी तोंडाने करी. चौथ्याचा काका करीत, आणि तोही नुसत्या नजरेने. अशा घरात वाढलेल्या मजसारख्या मुलाने पुढे हात न लावता वाजणारे वाद्य करावयास घ्यावे, यात नवल ते काय?

१९८३ साली मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. परीक्षेसाठी प्रत्येकाने एखादे यंत्र स्वहस्ते बनवून दाखवावयाचे असे. माझ्या सोबत्यांनी चोरघंटा, आकडी घड्याळे असले व्यवहारी विषय निवडले. मला मात्र एका जुन्या मासिकात थेरेमिनची माहिती सापडली आणि माझी बुद्धी फिरली. लेव्ह तेर्मेन हा रशियन पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ १९२० च्या सुमारास पेट्रोग्राड येथे वायूंचे विद्युत्‌गुण मोजण्याचे उपकरण करीत असता, आपला हात जवळ गेला की त्यातून निघणारा सूर बदलतो, असे त्याच्या ध्यानी आले. दुसरा कोणी असता तर त्याने तो दोष म्हणून काढून टाकला असता. पण तेर्मेन सेलो वाजविणारा होता! त्याने त्या दोषाचेच वाद्य केले, १९२२ साली ते प्रत्यक्ष लेनिनपुढे वाजविले आणि १९२८ साली अमेरिकेत त्याचे पेटंट मिळविले.

"चार वर्षांच्या फीचे हेच फळ का?" एवढेच वडील म्हणाले. आईची तक्रार अधिक सयुक्तिक होती, कारण वाद्याच्या एरियलसाठी मी माजघराच्या पडद्याची पितळी दांडी पळविली होती. बाकीचे सामान बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून गोळा केले. त्यातच जुन्या रेडिओतून काढलेल्या, नखाएवढ्या चौकोनी डब्यांत बसविलेल्या दोन कॉइली होत्या.

वाद्याची युक्ती अशी. आत दोन ऑसिलेटर असतात. दोघेही सेकंदास सुमारे ४,५५,००० कंपने करतात. इतका उंच सूर मनुष्याच्या कानास ऐकूच येत नाही. एकाची गती कायम असते. दुसऱ्यास ती दांडी जोडलेली असते. दांडीजवळ हात नेला की हात आणि दांडी मिळून एक इवलासा कंडेन्सर तयार होतो, आणि त्या ऑसिलेटरची गती किंचित मंदावते. समजा ती ४,५४,५६० झाली. तर दोहोंतला ४४० चा फरक तेवढा सूर होऊन कर्ण्यातून बाहेर पडतो. मी हे सारे वहीत समीकरणे मांडून वडिलांस समजावीत होतो. काका वर्तमानपत्र वाचीत कोपऱ्यात बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "म्हणजे तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा. किंचित बिनसल्या की लाटा उठतात, त्याच तुझ्या सुराच्या लाटा." माझी दोन पाने समीकरणे एका वाक्यात आटोपली.

काकांविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. ते उत्तम व्हायोलिन वाजवीत. माझ्या लहानपणी त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांस संधिवाताने ग्रासले, आणि तारेवर बोट दाबणे अशक्य झाले. त्या दिवसापासून पेटी कपाटावर गेली. पुढे आठ वर्षे घरात गाण्याचा विषयसुद्धा निघाला नाही. रेडिओवर मैफल लागली की काका उठून गच्चीवर जात.

पहिल्याच खटपटीत यंत्राने एक खोड दाखविली. सूर उतरत उतरत खर्जात येई आणि एकाएकी नाहीसा होई. मला वाटे, कर्णाच हलका असेल. पलीकडच्या खोलीतून काकांचा आवाज आला, "खालचा सूर गिळतोय तुझा. थकून थांबत नाही, कोणीतरी ओढून नेल्यासारखा जातो." मी तपासले तो खरेच! दोन्ही ऑसिलेटर एकाच फळीवर शेजारी असल्यामुळे, त्यांच्या गती जवळ आल्या की ते एकमेकांच्या ओढीने एकाच गतीने चालू लागत; मग फरक उरला नाही, आणि सूरही उरला नाही. फार वर्षे एका घरात नांदलेल्या जावांची बोलण्याची ढब एकच होते ना, तसाच हा प्रकार. एकत्र कुटुंबाच्या पुरस्कर्त्या वाचकांनी क्षमा करावी, परंतु बिस्किटांच्या दोन रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत त्यांची बिऱ्हाडे निराळी केली, तेव्हाच त्यांचे गाणे सुरू झाले.

परीक्षेची हकीगत थोडक्यात सांगतो, कारण ती लांबविण्याजोगी नाही. घरी मी एकटा असता यंत्र सुरेल बोले. परीक्षेच्या दिवशी तिघे परीक्षक, दोन सहाध्यायी आणि चहा घेऊन आलेला शिपाई, असे सारे कौतुकाने त्यावर ओणवले. सहा देहांचा मिळून असा काही परिणाम झाला की, मी हात मागे घेतला तरी किंचाळी थांबेना. "याचा उपयोग काय?" असे एका परीक्षकांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही. जेमतेम उत्तीर्ण होण्यापुरते गुण पडले, आणि यंत्र पिशवीत घालून मी घरी आलो. वडील म्हणाले, "आता ती दांडी तरी जागेवर लाव." काका म्हणाले, "राहू दे. रात्री इकडे आण ते."

त्या रात्री काका यंत्रापुढे मांडी घालून बसले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. डाव्या हाताने आवाज कमीजास्त करण्याची तेर्मेनची योजना मला साधली नव्हती. माझ्या यंत्राला एक गुंडी होती, आणि ती काकांच्या बोटांना फिरविता येईना. म्हणून ती मी धरली. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना आवाज मिटवावा आणि नेमक्या क्षणी उघडावा, हे माझे काम. ते करताना मात्र यत्किंचितही हलावयाचे नाही, कारण माझ्या श्वासाबरोबर सूर डोले. "हलू नकोस रे," काका पुनःपुन्हा म्हणत. पहिले काही दिवस मांजरांची भांडणे बरी, असे आमचे वादन होते. पण काकांना हवेतल्या जागा सापडू लागल्या. दांडीच्या जवळ गेले की सुरांमधले अंतर आखडते, हे मी त्यांना सांगावयास गेलो, तर ते म्हणाले, "अरे, तारेवरही वर चढताना असेच असते." मींड तर त्या वाद्यात जन्मतःच होती, तान मात्र कधीच आली नाही. एकदा आजी सोवळ्याने ओटीवरून गेली आणि वाद्य कळवळून ओरडले. "मी शिवले नाही हो त्याला!" ती म्हणाली.

पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचण्यात आले की, क्लारा रॉकमोर ही या वाद्याची सर्वश्रेष्ठ वादक मूळची व्हायोलिन वाजविणारी होती, आणि हाडांच्या विकाराने हात दगा देऊ लागल्यामुळेच ती थेरेमिनकडे वळली. तेव्हा काका नव्हते. ही एवढी गोष्ट त्यांना सांगावयास हवी होती, असे मला अजून वाटते.

वैशाखात उकाडा वाढला तसा यंत्राचा मेळ ढळू लागला. काल जेथे षड्ज सापडला तेथे आज तो नसे. टेकावयास एखादा स्थिर सूर हवा होता. घरात ना तंबोरा, ना बाजाची पेटी. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्टूल घे. ती पेटी खाली काढ."

मी धूळ पुसून पेटी उघडली. चारांपैकी दोन तारा शाबूत होत्या. खुंटी मी पिळली, काका "वर... अजून... खाली ये" एवढेच सांगत होते. मग त्यांनी गजाला राळ लावली आणि बोट न दाबता मोकळ्या तारेवरून तो सावकाश ओढला.

"हा घे सा," ते म्हणाले.

मी हात हळूहळू दांडीकडे नेला. दोन सुरांमधल्या लाटा मंदावत मंदावत थांबल्या. काकांनी गज थांबविला नाही. आतून आजीने विचारले, "कोण आले आहे रे?"